कडू दोडका

"आणि यात भोपळा कुठं आहे?" पत्रावळीवरची नजर न उचलता भुजंगबाबांनी विचारलं.

राघो आचारी वाढता वाढता थबकला. भोपळ्याच्या चांगल्या जाड फोडी बाबांच्या पुढ्यातच होत्या.

"हा काय, बाबा." त्यानं वाकून दाखवलं.

"ही तर राघोची भाजी," बाबा म्हणाले आणि मुकाट जेवू लागले.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात राघोला येऊन थोडेच दिवस झाले होते. साताऱ्याच्या बाजूला त्याचं नाव मोठं. लग्न ठरलं की लोक आधी राघो मोकळा आहे का बघत, मग मुहूर्त काढत. पंगतीत फिरून 'कसं झालंय?' असं त्यानं उभ्या जन्मात कुणाला विचारलं नव्हतं. ज्याला विचारावं लागतं तो आचारीच नव्हे, असं तो चारचौघांत बोलून दाखवी.

असा माणूस नवरात्र सरता सरता एकाएकी मठात आला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, संसारातून मन उडालंय, उपदेश द्या. बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघर दाखवलं. उपदेशाचं मागाहून बघू म्हणाले.

शरदाचे दिवस होते. मठामागचा मळा नुसता ओसंडत होता. गोठ्याच्या छपरावर लाल भोपळे, मांडवावर दोडकी, कुंपणाला घेवडा, वाफ्यात कोवळे मुळे. मळा बघणाऱ्या सखूआक्का रोज सकाळी पाटी भरून आणत. भाजीवरचं दवसुद्धा वाळलेलं नसे.

भोपळ्याच्या त्या बोलण्याचा राघो दुपारभर विचार करत राहिला. मसाला फार पडला असणार, असं त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी घेवडा केला तो नुसत्या मोहरीच्या फोडणीवर. वर मीठ आणि थोडं ओलं खोबरं, बस्स.

बाबांनी घास घेतला. बराच वेळ चावत राहिले.

"आज घेवडा आहे," ते म्हणाले. "पण तू कुठं गेलास?"

राघोला काही सुधरेना. काल भाजी नव्हती, आज आपण नाही... या म्हाताऱ्याला हवंय तरी काय?

त्यानं सखूआक्कांना गाठलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मी इथं आहे, बाबांचं निम्मं बोलणं मलाही कळत नाही. आपण आपलं वाफ्याला पाणी द्यावं.

आता राघोची खरी गोष्ट अशी होती, की त्याचं मन संसारातून उडालं नव्हतं. त्याची चव उडाली होती. श्रावणात ताप आला, तो उतरला तेव्हा तोंडातलं सगळंच घेऊन गेला. गूळ तसा मिरचीचा ठेचा, मीठ तशी राख. वैद्य झाले, काढे झाले, काही उपयोग नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नघरच्या सुपाऱ्या येणार होत्या. लोकांना कळलं असतं तर नाव मातीत गेलं असतं. त्यापेक्षा वैराग्य बरं, असं त्यानं ठरवलं. घरात बायकोलासुद्धा खरं सांगितलं नाही.

मठात तो सगळं हाताच्या अंदाजावर रांधत होता. इतक्या वर्षांचा हात, तो कशाला चुकतोय?

तिसऱ्या दिवशी दोडकी आली. हिरवीगार, कोवळी, शिरा काढताना पाणी सुटावं अशी. दोडका चिरताना चकती जिभेला लावून बघतात, एखादा कडू निघतो म्हणून. राघोनं सवयीनं चकती उचलली... आणि तशीच पातेल्यात टाकली. लावून तरी काय कळणार होतं?

पंगत बसली. राघोनं वाढलं आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

पहिल्याच घासाला सखूआक्कांचा हात थांबला. त्यांनी भाजी हलकेच पानाच्या कडेला सारली. पलीकडच्या एका शिष्यानं पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. मग आणखी एक जण थांबला.

बाबा मात्र जेवत होते. संथपणे, नेहमीसारखे.

राघो आत गेला, पातेल्यातली फोड तोंडात टाकली, चावली. काही नाही. ओला कापूस चावल्यासारखं. दुसरी टाकली. काही नाही. बाहेर येऊन त्यानं पुन्हा एकेक चेहरा पाहिला.

"राघो," बाबांनी हाक मारली, "भाजी वाढ."

राघो पळी घेऊन पुढं झाला. पळी पानावर आली आणि तिथंच राहिली. वाढावं तर पाप, न वाढावं तर...

"वाढ की."

"नको, बाबा."

"का रे?"

"कडू आहे."

"तुला कसं कळलं?"

राघोनं तोंड उघडलं. चाखून बघितली, असं सांगायला एक क्षण पुरला असता.

"मला..." तो म्हणाला, "मला नाही कळलं."

राघोनं पळी खाली ठेवली. श्रावणातला ताप, वैद्य, काढे, खोटं वैराग्य, सगळं तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं. शेवटी म्हणाला, मी आचारी राहिलो नाही आणि शिष्यही नाही, उद्या निघतो. सखूआक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

बाबांनी हात धुतला.

"संध्याकाळी मुळे कर," ते म्हणाले. "पाल्यासकट."

राघोला वाटलं, एवढं सगळं ऐकून हा माणूस मुळ्याचं बोलतोय. आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की बाबांच्या पानात एक फोडही उरलेली नाही.

"बाबा... तुम्हाला ती कडू नाही लागली?"

"मला कुठं काय लागतंय?" बाबा म्हणाले. "माझी जीभ जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली."

सखूआक्कांनी पदर खाली घेतला. हे त्यांनाही नवीन होतं.

राघोनं बाबांच्या रिकाम्या पानाकडं पाहिलं. मग भोपळ्याचं ते बोलणं? घेवड्याचं? इतके दिवस हे खात काय होते, आणि बोलत काय होते? त्याच्या डोक्यात एकाला एक लागेना. शेवटी त्याला एकच प्रश्न सापडला.

"मला चव नाही. तुम्हाला चव नाही," तो म्हणाला. "मग मुळे बरे झालेत की नाही, हे मी विचारायचं कुणाला?"

बाबा उठले, खांद्यावर पंचा टाकला.

"जो जेवता जेवता थांबेल त्याला."