परवान्याची तिसरी करवंटी

ऐका राखणदारा, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला नदी, नदीच्या काठी माड. तिथं आवडी नावाची एक बाई राही. नवरा माडावर चढून माडी काढी. एके दिवशी त्याचा पाय निसटला, तो गेला. तिच्या पदरी राहिली एक लेक आणि एक माडीचं दुकान. दुकान ते केवढं? आत तिघं बसले, तर चौथ्यानं दारात उभं राहावं.

आवडी शिवेवर बसून रडू लागली. दुकान चालवावं तर बाया नावं ठेवतात, न चालवावं तर लेक उपाशी. तिथं एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तो गावाची राखण करणारा देव, राखणदार, पण तिला काय ठाऊक? त्यानं विचारलं, बाई, का रडतेस? तिनं सारं सांगितलं. मग तो म्हणाला, "भिऊ नकोस, माझा वसा घे. सकाळची पहिली करवंटीभर माडी शिवेवर मला ठेव. गिऱ्हाइकाला दोन ओत, तिसरी ओतू नकोस. दिवेलागणीला दुकान मिट. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस."

आवडीनं वसा घेतला. दीर माडी काढून देई, ती दुकानात बसे. कुणी तिसरी मागितली की ती म्हणे, घरी भात निवतोय, ऊठ. माणसं हसत, पण उठत. दिवेलागणीला ज्याचा तो आपल्या घरी. मग बायाही नावं ठेवीनाशा झाल्या.

पुढं काय झालं? राजाची तिजोरी आटली. प्रधानानं युक्ती काढली, राजानं दवंडी पिटवली. माडी विकायची तर परवाना घ्या, मोठ्या दुकानाला जेवढा दाम तेवढाच लहानाला. पेठेत एका सावकाराचा गुत्ता होता, तिथं शंभर माणसं बसत. त्यानं हसत हसत दाम भरला. आवडीनं हिशेब केला. दोन करवंट्यांत लेकीचं पोट भरतं, परवाना काही भरत नाही. वसा मोडावा तर देव कोपेल, दुकान मोडावं तर लेक मरेल. तिनं लेकीकडं पाहिलं, आणि वसा मोडला.

पहिल्या दिवशी सुताराला तिसरी ओतली, तो भिंतीशी गप्पा मारत बसला. दुसऱ्या दिवशी कुंभाराला ओतली, त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी धाकू नावाड्याला ओतली. धाकू म्हणाला, आवडे, आज काय देव पावला?

त्याच दिवशी राजाची लेक माहेरी येत होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. ती होडीत बसली. मधल्या धारेत धाकूचा डोळा लागला, वल्हं सुटलं, होडी वाहत येऊन काठाजवळच्या खडकावर आपटून फुटली. पोर ओरडली, "बाबा!" राजा काठावर वाट पाहत होता. त्यानं मुकुट फेकला, छातीएवढ्या पाण्यात शिरला, लेकीला उचलून आणलं. तिला माडाखाली बसवलं आणि पोटाशी धरून रडला. राजा झाला तरी बापच तो.

धाकूच्या तोंडाला माडीचा वास आला, तसा राजा ओल्या कपड्यांनीच काठावरच्या आवडीच्या दारात गेला. धाकूला कुणी पाजली म्हणून विचारलं. आवडी लपली नाही, पळाली नाही. परवान्यासाठी जमवलेली पुरचुंडी तिनं राजाच्या पायाशी ठेवली.

म्हणाली, "दोन मी ओतल्या, महाराज. तिसरी तुमच्या परवान्यानं ओतली. वसा मात्र माझा मोडला, शिक्षा मला करा."

राजानं पायाशी ठेवलेली पुरचुंडी पाहिली. अंगावरचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. मग म्हणाला, "बाई, तुझीही लेक, माझीही लेक. चूक माझी आधी, तुझी मागून."

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली. जेवढं दुकान, तेवढाच परवाना. गुत्तेवाल्या सावकाराचं तोंड आंबट झालं, प्रधानानं मान खाली घातली. पुरचुंडीतल्या पैशांतून धाकूची होडी दुरुस्त झाली. धाकू इतका शरमला की महिनाभर ताकच प्यायला. राजाच्या लेकीला मुलगा झाला. आवडीनं राखणदाराची क्षमा मागितली, वसा पुन्हा घेतला, पुन्हा टाकला नाही.

जसा राखणदार तिला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो. ज्यांचा माणूस बाहेर आहे, त्यांचा माणूस दिवेलागणीला आपल्या पायांनी घरी येवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, सांगणारीला सुफळ, ऐकणारीला संपूर्ण.