'आली'ची शेपूट

फार फार पूर्वी शब्द माणसांच्या तोंडात नव्हे, नदीवरच्या धुक्यात राहत. कुणी हाक मारली की निरोप होऊन पलीकडे जात. त्यांत 'आली' भारी तोऱ्यातली. तिच्यामागून नेहमी 'आहे' चालायचा. एकदा ती फणकारली, "येण्याचं काम माझं. तू नुसती शेपूट!" 'आहे' रुसून निघाला. काठावरच्या दगडावर जाऊन बसला.

त्या सकाळी पैलतीरावरून सगुणाने नावाड्याला विचारलं, "लखूदादा, माझी बहीण आली का हो?" बहीण चार वर्षांनी माहेरी येत होती, आणि लखूच्या शेजारीच गाठोडं घेऊन उभी होती. लखूने 'आली'ला धाडलं. पण पाण्यावर एकटीला तिला कसंसंच वाटलं, म्हणून वाटेत रिकामी तरंगणारी 'होती' तिने सोबतीला घेतली.

"आली होती," सगुणाला ऐकू आलं. म्हणजे येऊन गेलीसुद्धा! डोळ्यांना पदर लावून ती माघारी वळली.

ते पाहून 'आली'ने धावत दगड गाठला. "चल रे, लवकर!"

"शेपूट कशाला हवी?"

"तुझ्यावाचून मी नुसती येते रे," ती रडवेली होऊन म्हणाली, "थांबत नाही."

'आहे' उठला. हातात हात घालून दोघं पाण्यावरून गेली. सगुणा थबकली, मागे वळली. धुकं हळूहळू विरलं, तरी दोन्ही काठांवर कितीतरी वेळ तेवढंच घुमत राहिलं... आहे... आहे.