तांदळाचा ढीग आणि भजं

विद्यापीठात आधुनिक कलेचं संग्रहालय नवंनवं उघडलं, तेव्हाची गोष्ट. मधल्या दालनात कुणा कलाकारानं तांदळाचा ढीग मांडला होता. लोक यायचे, मान तिरकी करून बघायचे आणि दाणाही न उचलता जायचे.

"यात काहीतरी काळंबेरं आहे," भिंतीतले उंदीरमामा म्हणाले. "खायचं उघड्यावर ठेवलंय, वर दिवा सोडलाय, आणि खात कुणीच नाही!"

"मी रोज खाते की," खारूताई म्हणाली.

"मग तूही त्यांना सामील!"

उपाशी मामा वास घेत जिन्याखाली गेले. तिथं जाळीच्या पेटीत एकच भजं लटकत होतं. ना दिवा, ना बघे.

"हे कसं सरळ काम!" म्हणत त्यांनी भजं ओढलं. मागं खटकन दार पडलं.

थोड्या वेळानं विद्यार्थी पिंजऱ्याभोवती जमले आणि मान तिरकी करून बघू लागले.