शेवंतीच्या पायातली घंटा

जिथे मोगरा बाराही महिने फुलायचा, अशा एका नगरात शेवंती नावाची गरीब मुलगी राहायची. तिच्या पायात एक काळी घंटा होती. पाऊल टाकलं की खण्ण! ती काही हौसेने घातलेली नव्हती. अगदी चिमुरडी असताना राजकन्येचं चमचमतं चांदीचं पैंजण पाहून तिला मोह झाला आणि तिने ते ओच्यात लपवलं. पैंजण परत गेलं. शिक्षा म्हणून शेवंतीने वर्षभर राजवाड्याचं अंगण झाडलं. पण कोतवालाने बांधलेली घंटा मात्र सुटेना. नियमच तसा होता, एकदा बांधली की जन्मभर!

आता ती मोठी झाली होती. गजरे असे गुंफायची की फुलपाखरं फसून येऊन बसायची. पण कुठेही कामाला गेलं की तिच्याआधी घंटाच आत पोचायची. माळीणमावशी म्हणाल्या, हात चांगला आहे गं तुझा, पण गिऱ्हाईक काय म्हणेल? शेजारणीची वाटी हरवली तरी सगळे हिच्याकडेच बघायचे. लहान होते, चुकलं, शिक्षा भोगली, हे सांगून सांगून शेवंतीचा जीव विटला होता.

एका सोनेरी सकाळी असाच नकार घेऊन ती राजाच्या बागेवरून चालली होती. कुंपणाच्या बोरीत काहीतरी लुकलुकलं. बघते तर बोटाएवढी परी! तिचे निळे-गुलाबी इवलेसे पंख काट्यांत अडकले होते. राजाच्या कुंपणाशी घंटा वाजली की कोतवाल धावत येणार, हे शेवंतीला पक्कं ठाऊक होतं. तरी ती वाकली. बोटं ओरखडली, घंटा खणखणली, पण पंख अलगद सुटले.

परी म्हणाली, "एक वर माग. पण झालेलं पुसता येणार नाही, कुणाला विसरायला लावता येणार नाही. आणि जिचं तू घेतलंस, तिने 'पुरे' म्हटल्याशिवाय वर फळणार नाही."

शेवंतीने कपाळावर हात मारला. "अगं परीताई, मग मागायला उरलं काय?"

मग तिला शेजारची ठकी आठवली. गुळाच्या खड्यापायी त्या पोरीच्या पायातही घंटा आली होती. शेवंती म्हणाली, "मला एकटीला नको. ज्या ज्या पोरांनी शिक्षा भोगली, त्या सगळ्यांच्या घंटा गळून पडू देत."

तेवढ्यात कोतवालाने तिचं मनगट धरलं आणि तिला बागेत बसलेल्या राजकन्या इंदुलेखेपुढे उभं केलं. शेवंतीने काही न लपवता सगळं सांगितलं. राजकन्येला बराच वेळ ते पैंजण आठवेचना. मग आठवलं.

"तेव्हा मी खूप रडले होते," ती म्हणाली. "पण ते पैंजण मला केव्हाच लहान झालं. आणि हिच्या पायात ही घंटा अजून आहे? कंटाळा नाही येत तुम्हाला, कोतवाल? पुरे. आता पुरे."

खळ्ळकन घंटा गळून पडली. मग पलीकडच्या गल्लीत, घाटावर, बाजारात, नगरभर घंटा गळू लागल्या.

कोतवाल कळवळून म्हणाला, "ताईसाहेब, आता चोर ओळखायचे कसे?"

"चोरी करतील तेव्हा ओळखा."

कुंपणावरून परी खुदकन हसली. रुपेरी उजेडाची एक लाट जाईजुईवरून सरकत गेली आणि त्या उजेडातच ती विरून गेली.

त्याच दुपारी माळीणमावशींनी ओशाळून फुलांची परडी शेवंतीपुढे सरकवली. गिऱ्हाइकं आली. त्यांनी तिला एवढंच विचारलं, गजरा ताजा आहे ना?