निजलेली द्राक्षवेल

फार फार पूर्वी, डोंगराच्या पार माथ्यावर एक गाव होतं. थंडी अशी, की सकाळी हंड्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. त्या गावात एक सासू राहायची. आता सासू म्हटलं की तुम्ही लगेच कपाळाला आठ्या घालाल. थांबा जरा! ही बाई फार मायाळू होती. थोडी जास्तच मायाळू होती, आणि घोळ तिथेच झाला.

तिच्या मुलाचं लग्न झालं आणि दूर खालच्या मुलखातली सून घरी आली. नव्या नवरीनं माहेरच्या मातीतलं एक रोप कुंडीसकट सासरी आणायचं, अशी त्या गावची रीत होती. या मुलीनं द्राक्षवेल आणली. तिच्या वडिलांनी ती स्वतःच्या हातानं लावून दिली होती. लग्नाला महिना झाला नाही तोच वडील वारले. माहेरचं म्हणून तिच्याजवळ उरली ती एवढी वेल.

त्या दिवसापासून सून बोलेनाशी झाली. काम करायची, विचारलं तर मान हलवायची, बस्स.

सासूच्या जिवाला घोर लागला. "पोरी, लाडू खा." "पोरी, शेजारणी आल्यात, चार शब्द बोल." "अगं, हस की जरा!" दिवसभर ती सुनेच्या मागे मागे. आणि ती जितकी मागे लागे, तितकी सून आणखी मिटत जाई.

हिवाळा आला. वेलीची पानं पिवळी पडून गळून गेली. सुनेनं तिच्या लांब फांद्या छाटल्या, कुंडीला गोणपाट गुंडाळलं, वर पेंढा पसरला आणि कुंडी बाहेर भिंतीच्या आडोशाला ठेवून दिली. माती पार कोरडी झाली तरच घोटभर पाणी घालायची.

ते बघून सासूच्या काळजात चर्र झालं. "अगं बाई! बापाची आठवण, आणि अशी उघड्यावर टाकली? दुःखानं पोरीचं भान हरपलंय. वेल गेली तर पोरही हातची जाईल."

अशात सुनेच्या नणंदेकडे बारसं निघालं. घर राखायला सासू मागे राहिली. मुलगा सुनेला घेऊन तिकडे गेला, आणि घाटात बर्फ साचल्यानं दोघं बरेच दिवस तिकडेच अडकली. इकडे सासूनं पदर खोचला. कुंडी उचलून चुलीजवळ आणली, वेलीला स्वतःची शाल पांघरली, सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी घातलं. आणि काय आश्चर्य! वेलीला पानं फुटली. सासू नाचायचीच बाकी राहिली होती.

पण ती पानं फिकट होती, लुळी होती. सून परत येईपर्यंत ती सगळी माना टाकून बसली होती. सुनेनं बोटानं माती उकरली. आत चिखल झाला होता आणि त्याला कुबट वास येत होता.

सासूनं कपाळावर हात मारला. "मी मारली गं तिला! मला वाटलं, ती गारठून मेलीय. तुझ्या बापाची वेल मीच मारली." ती हुंदके देऊन रडू लागली.

तेव्हा इतक्या दिवसांनी सून बोलली.

"मेली नव्हती, आत्याबाई. निजली होती. बाबा म्हणायचे, द्राक्षवेलीला हिवाळाभर निजू द्यावं. मुळं तेवढी गोठू देऊ नयेत. अवेळी उठवली की ती अंगातलं बळ पानांत घालवते, आणि त्या पानांना पुरेसं ऊन कुठून मिळणार?"

मग ती हळूच म्हणाली, "मीही निजलेच आहे हो. मलाही थोडे दिवस तसंच राहू द्या."

सासूनं पदरानं डोळे पुसले. दोघींनी मिळून कुजलेली मुळं काढली, कोरडी माती भरली आणि कुंडी पुन्हा पेंढ्यात ठेवली. वेल वाचेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर सासू सुनेचं ताट वाढायची आणि शेजारी नुसती बसायची. तिला ते सोपं गेलं असं समजू नका! जीभ चावून चावून बसायची बिचारी. वेलीपाशी गेली तर हात पाठीमागे बांधून उभी राहायची.

थंडी सरली. गावातली झाडं पालवली, पण वेल काही हलेना. आणि एके सकाळी अंगणातून हाक आली, "आत्याबाई, लवकर या, लवकर!"

खोडाच्या अगदी तळाशी कोंबाचा एक डोळा फुगला होता. त्यातून इवलंसं गुलाबी पान डोकावत होतं. सून हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाबांची वेल उठली," ती म्हणाली. सासूनं तिला जवळ घेतलं.

त्या वर्षी द्राक्षं काही आली नाहीत. अवेळी जागवल्याचं एवढं मोल वेलीनं दिलंच. पुढच्या वर्षी मात्र एक घड आला. पहिलं द्राक्ष सुनेनं सासूच्या तोंडात घातलं. आंबटढाण होतं ते.

"साखर आहे गं, साखर!" सासू म्हणाली.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आयांनो, माया जरूर करावी, पण निजलेल्या जिवाला त्याच्या वेळेनं जागं होऊ द्यावं.