तळ्याचे सातवे कलम

फार पूर्वी, अंजनपुरात सुभानु राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व त्या नगरीच्या पंचसभेत धीरमित्र नावाचा पंच होता. त्या राज्यात एक चांगली रीत होती. राजाने नवा कायदा योजला तरी त्याची दवंडी लगेच पिटली जात नसे. आधी पाच पंचांनी तो कलमाकलमाने वाचायचा, जेथे तो लागू व्हायचा ती जागा डोळ्यांनी पाहायची, ज्यांना तो लागू व्हायचा त्यांना समोर बसवून विचारायचे, आणि मग राजाला आपले मत सांगायचे.

एकदा त्या प्रदेशात ओळीने काही वर्षे दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, झाडांची पाने काळी पडली. तेव्हा महामात्याने नगराबाहेरच्या तळ्यातल्या यक्षाशी करार केला. यक्षाने तळे भरून द्यायचे आणि त्याच्या अटी राजाने मानायच्या. लोक तहानेने व्याकूळ झाले होते. राजाने पंचांना घाई केली, सभेने न वाचताच होकार दिला, आणि दोन वर्षांसाठी तो करार लागू झाला. तळे तुडुंब भरले. वैशाखातही पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यापर्यंत पाणी असे.

दोन वर्षे संपत आली, तेव्हा महामात्याने त्याच कराराचा कायमचा कायदा करून सभेपुढे आणला. राज्यातल्या सगळ्या तळ्यांना तो लागू व्हायचा होता. कलमे सात होती. पहिली सहा घाट, पायऱ्या आणि पाणी भरण्याच्या वेळा यांविषयी होती. सातवे कलम एवढेच होते : ज्याचे नाव वर्षभरात दुसऱ्या कोणाच्याही मुखी आले नाही, तो माणूस तळ्याचा.

बोधिसत्त्वाने ते दोनदा वाचले. "असे लोक कोण आहेत?" त्याने विचारले.

"कोणीच नाहीत," महामात्य हसून म्हणाला. "दोन वर्षं करार चालू आहे. तळ्यात गेलेला एक तरी माणूस आपल्याला आठवतो का?"

कोणालाच आठवेना. भद्रसाल नावाचा वृद्ध पंच म्हणाला, "मग हरकत कसली? पाणी तर डोळ्यांसमोर आहे."

बोधिसत्त्व उत्तर देणार होता, तेवढ्यात त्याचे लक्ष आपल्या उजव्या हाताला गेले. तेथे एक आसन रिकामे होते. त्याने मोजले. आसने पाच होती आणि माणसे चार.

"इथं कोण बसतं?"

"तिथं कोणी बसत नाही," भद्रसाल म्हणाला. बाकीच्या दोघांनीही माना हलवल्या.

बोधिसत्त्वाने त्या आसनावर हात ठेवला. दर्भाची चटई गुडघ्यांच्या जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तो म्हणाला, "मला सात दिवस हवेत. मागच्या वेळी आपण वाचलं नाही, पाहिलं नाही, कोणाला विचारलंही नाही."

सभा उठल्यावर महामात्याने त्याला बाजूला घेतले. "राजपुरोहिताची जागा रिकामी आहे, आचार्य. उद्या होकार आला तर महाराजांना आनंद होईल."

"सात दिवसांनी आनंद झाला तरी चालेल," बोधिसत्त्व म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो तळ्यावर गेला. वारा सुटला होता, काठावरचे गवत आडवे होत होते, पण पाण्यावर तरंग नव्हता. बेडूक नव्हते, बगळे नव्हते. तिसा नावाची एक कुंभारीण पाणी भरत होती. ती तोंड फिरवून, आंधळ्यासारखी चाचपडत घागर बुडवत होती.

"पाण्याकडं का पाहत नाहीस, बाई?"

"पाहवत नाही, बाबा. वाकून पाहिलं की खाली ओठ दिसतात. हलतात, पण आवाज येत नाही. आम्ही सगळ्याजणी अशाच भरतो."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

तिने त्याला आपल्या गल्लीच्या टोकाची खोपटी दाखवली. दारे सताड उघडी होती. एका खोपटात चुलीवर मडके होते आणि त्यातला भात वाळून खडा झाला होता. दुसऱ्यात काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, लंगड्या माणसाची असते तशी. तेथे कोण राहत होते, हे तिसाला सांगता येईना. ती जन्मापासून त्याच गल्लीत राहत होती.

बोधिसत्त्व परत आला आणि त्याने पंचसभेची जुनी पाने काढली. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर होकार देणारी चार अक्षरे त्याने ओळखली. त्यांत एक त्याचे स्वतःचे होते. पाचवे अक्षर बारीक आणि तिरके होते : 'सातवे कलम ज्यांना लागू होईल त्यांना कोणी विचारले आहे का? माझा होकार नाही.' खाली नाव होते. ते त्याने मोठ्याने वाचले.

"उत्पलक."

नाव तोंडातून निघाले आणि तो माणूस त्याला आठवला. किडकिडीत, एकटा, हळू बोलणारा. बारा वर्षे तो बोधिसत्त्वाच्या उजव्या हाताला बसला होता. बोधिसत्त्व त्याला 'ऐका हो' म्हणत असे. दुसरे लोक 'पाचवे' म्हणत. नावाने त्याला कोणी हाक मारलीच नव्हती.

सातव्या दिवशी त्याने सभा तळ्याच्या काठावर बोलावली. राजा आला, महामात्य आला, नगरातले लोकही जमले. बोधिसत्त्व पाण्यालगतच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "उत्पलक, पंचसभा तुमची साक्ष घेऊ इच्छिते. वर या."

पाणी दुभंगले. उत्पलक पायऱ्या चढून वर आला. त्याचे कपडे कोरडे होते, पण चेहरा फार दिवस उन्हात न गेलेल्या माणसासारखा पांढरा होता. लोक मागे सरले. भद्रसालाने त्याला आसन दिले.

"खाली काय आहे?" बोधिसत्त्वाने विचारले.

"खाली आम्ही तेहतीस जण आहोत," तो म्हणाला. "आवाज फुटत नाही. प्रत्येकजण आपलं नाव सांगत असतो. मी ओठांवरून ती नावं शिकलो. दुसरं काही करायला नव्हतं."

मग बोधिसत्त्वाने यक्षाला साक्षीला बोलावले. पाण्यावर एक रुंद, शांत चेहरा वर आला. "मी कोणाला ओढलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही सोडलेले हात मी धरले. राजानं जे लिहून दिलं, तेवढंच केलं. ते कलम काढलंत तर पाणी माझ्याबरोबर जाईल."

जमावात कुजबुज उठली. महामात्य पुढे झाला. "महाराज, तेहतीस माणसं! तीही अशी, की ज्यांच्यासाठी कोणी रडलं नाही. त्यांच्यासाठी सगळं नगर तहानेनं मारायचं का?"

राजाने मान खाली घातली.

बोधिसत्त्व म्हणाला, "एक प्रश्न उरला आहे, महामात्य. आपलं नाव काय?"

महामात्य चमकला. "माझं नाव सगळ्यांना माहीत आहे."

"महाराज, आपण सांगाल?"

राजाने तोंड उघडले आणि मिटले. पंचांकडे पाहिले. पंचांनी एकमेकांकडे पाहिले. पंचवीस वर्षे तो त्यांच्यासाठी फक्त महामात्य होता. महामात्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आई घ्यायची माझं नाव," तो पुटपुटला. "गेल्या वैशाखात ती गेली."

"मला ठाऊक आहे," यक्ष म्हणाला. "उद्या सूर्य मावळला की वर्ष पुरं होईल."

महामात्य पायरीवर बसला. सात दिवसांपूर्वी त्यानेच बोधिसत्त्वाला पदाची लालूच दाखवली होती. त्याला तसेच सोडले असते तर कायदा मांडणाराच उरला नसता आणि कायदा आपोआप बारगळला असता. बोधिसत्त्व त्याच्याजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई काय म्हणायची?"

"तिंबरू."

"ऊठ, तिंबरू," बोधिसत्त्व म्हणाला.

महामात्य रडू लागला. मग तोच उठून राजाला म्हणाला, "महाराज, मी हा कायदा मागे घेतो."

राजाने यक्षाकडे वळून सांगितले, "करार संपला. पाणी ने."

पाणी उतरू लागले. उत्पलकाने घाईघाईने एकेक नाव उच्चारले, लोकांनी ते मोठ्याने म्हटले, आणि एकेकजण पायऱ्यांवर आला. कोणी लंगडा होता, कोणी आंधळा. कोणाची शेजारीण त्याला पाहून किंचाळली आणि मग गळ्यात पडली. एकतीस जण आले. उत्पलक थांबला.

"अजून एक बाई आहे. मुकी आहे. तिचे ओठ हलतच नाहीत. तिचं नाव मला कळलं नाही."

बोधिसत्त्वाने गर्दीला विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. पाणी आता तळाशी आले होते आणि अंधाऱ्या भोवऱ्यासारखे फिरत होते. बोधिसत्त्व चिखलात उतरला. भोवऱ्यात एक हात दिसत होता.

"नावाशिवाय सुटका नाही," यक्षाचा आवाज आला.

"हिचं नाव हरवलं, त्यात आम्हा सगळ्यांचा हात आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्या आईचं नाव मी हिला देतो. उदुंबरे, चल."

क्षणभर काही झाले नाही. मग त्या हाताची बोटे त्याच्या बोटांभोवती मिटली, आणि ती त्याच्याबरोबर चालत वर आली.

त्या उन्हाळ्यात अंजनपूरचे लोक दोन कोसांवरच्या नदीवरून पाणी आणीत. काहींनी बोधिसत्त्वाला शिव्या दिल्या, त्याच्या दारावर दगडही मारले. पण रांगेत उभे असताना लोक एकमेकांना नावाने हाक मारीत. रांगेतल्या शेवटच्या माणसाचे नाव ठाऊक नसेल, तर ते विचारल्याशिवाय कोणी घागर उचलीत नसे.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध भिक्खूंना म्हणाले, "आज तुम्ही आजारी भिक्खूंसाठी नियम केलात आणि एकाही आजाऱ्याला विचारलं नाहीत. तो नियम मोठ्या कळकळीनं मांडणारा सोमदंत हा तेव्हाचा महामात्य होता. कोपऱ्यातल्या अंथरुणावर पडलेला मेत्तक हा उत्पलक होता. विहाराचं दार झाडणारी, आपण जिच्याशी कधी बोललो नाही, ती उदुंबरा होती. आणि धीरमित्र पंच मीच होतो. भिक्खूंनो, जी दूरवरच्या माणसापर्यंत जाऊन त्याला विचारते, तिला प्रज्ञा म्हणतात. आता मेत्तकाजवळ जा."