शालनच्या पलंगाची फळी

एकदा एका गृहस्थाने घरच्या घरी पेडल स्टील गिटार करायला घेतली. हे वाद्य मांडीवर घेत नाहीत. ते टेबलासारखे चार पायांवर उभे असते. वर दहा तारा, खाली पेडल. पेडल दाबले की एका तारेचा सूर चढतो. तारा आणि त्यांना पेडलशी जोडणाऱ्या सळया बाजारात मिळाल्या. अंगासाठी लाकूड हवे होते, तर या शहाण्याने दिवंगत पत्नीच्या, शालनच्या, पलंगाची सागवानी फळी काढली. त्याच फळीवर ती दीड वर्ष कण्हत होती आणि त्याच फळीवर गेली. आता बोला!

वाद्य उभे राहिले आणि भलतेच घडू लागले. सगळ्या तारा छेडून पेडल दाबले की एक तार वर जाई. पण ज्यांना पेडल जोडलेलेच नव्हते, त्या बाकीच्या नऊ तारा हळूच खाली उतरत. हुबेहूब शालनचे कण्हणे. पहिल्या दिवशी त्याची बोबडी वळली. दुसऱ्या दिवसापासून तो त्या आवाजाशी बोलू लागला. कामधंदा सुटला, घरात चूल पेटेना. ज्या मुलीने आईचे सगळे आजारपण काढले होते, ती सुमन आठव्या दिवशी न बोलता मामाकडे निघून गेली. ‘घाबरली असेल,’ असे म्हणून याने पुन्हा पेडलवर पाय ठेवला.

शेवटी सतारी घडवण्यात हयात घालवलेल्या नबीचाचांना त्याने घरी आणले. वाद्ये घडवण्यातले हेच त्याचे गुरू.

“चाचा, दुरुस्ती करायची नाही. ती मला बोलावते आहे. काय म्हणते, तेवढे सांगा.”

चाचांनी तारांकडे पाहिलेसुद्धा नाही. “खाली शीर,” ते म्हणाले. “पाठीवर नीज आणि लाकडाला तळवा लाव.”

तो चकित झाला, पण गुरूपुढे काय बोलणार? वाद्याखाली आडवा झाला. चाचांनी तारा छेडून पेडल दाबले. कण्हणे उमटले आणि त्याच क्षणी हाताखालची फळी दबली. आजारपणात कुशीवर वळवताना शालनची पाठ दबे, तशी.

“पाय काढा, चाचा.”

चाचांनी पाय काढला नाही. “मी एकदा दाबले, तर तुला सोसवत नाही. तू रोज तासन् तास दाबतोस. फळी पातळ आहे, बाबा. एका सुरासाठी तू भार देतोस, फळी वाकते, आणि तिच्यावर ताणलेल्या बाकीच्या सगळ्या तारा उतरतात. ती तुला बोलावत नाही. तू दाबतोस म्हणून ती कण्हते.”

मग त्यांनी पाय उचलला. नऊही तारा सावकाश आपापल्या जागी चढल्या. तो बराच वेळ तसाच पडून राहिला, डोळ्यांतले पाणी कानांत उतरेपर्यंत.

“आतून लोखंडी पट्टी बसवली, तर?” त्याने विचारले.

“हा आवाज पुन्हा येणार नाही.”

“बसवा.”

संध्याकाळच्या एस.टी.ने तो मेहुण्याच्या गावी गेला. सुमन दारातच उभी होती. तिने बापाला पाणीही विचारले नाही.

“आता आईला दुखत नाही ना?” ती म्हणाली.